अमेरिकन स्टडीजमधली बक्षिसं आणि ग्रँट: अर्ज कुठे अडतो

अमेरिकन स्टडीजचा, म्हणजे अमेरिकेच्या समाजाच्या आणि संस्कृतीच्या अभ्यासाचा, विद्यार्थी पैसे मागायला निघाला की पहिली अडचण विषयाच्या ठेवणीतूनच येते. अमेरिकेतल्या विद्यापीठांत हा विषय इतिहास, साहित्य, मानववंशशास्त्र, संगीत, चित्रपट, वांशिक अभ्यास अशा सगळ्यांच्या सीमेवर बसतो. त्यामुळे अर्ज करायला जागा भरपूर, पण जवळजवळ प्रत्येक ठिकाणी परीक्षक दुसऱ्याच शाखेचा. विद्यार्थी एक छान प्रपोजल लिहितो, संस्थेचं नाव बदलून दहा ठिकाणी पाठवतो आणि दहाही ठिकाणांहून नकार येतो. प्रपोजल वाईट नसतं. त्यात विषय असतो, काम नसतं. ग्रँट मिळते ती अमुक ठिकाणी, अमुक दिवसांत, अमुक कागद वाचण्याच्या कामाला. बाकी सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी बक्षिसांचं उरकून घेऊ. बक्षीस झालेल्या कामाला मिळतं आणि ग्रँट व्हायच्या कामाला, म्हणून दोन्हींचे अर्ज वेगळ्या डोक्याने लिहावे लागतात. बक्षिसात मुख्य घसरण अशी की कित्येकदा विद्यार्थ्याने अर्ज करायचाच नसतो. हार्वर्डमधलं पदवी पातळीवरचं थॉमस टी. हूप्स बक्षीस घ्या: तिथे मार्गदर्शक प्राध्यापकाने काम पुढे करायचं असतं. प्राध्यापकांना एप्रिलमध्ये आठवण राहत नाही, कारण त्या महिन्यात त्यांच्या टेबलावर दहा थीसिस असतात. तेव्हा फेब्रुवारीतच विभागाच्या कार्यालयातून यादी मागून घ्यावी आणि मार्गदर्शकाला स्पष्ट विचारावं की यांतल्या कोणत्या बक्षिसासाठी माझं नाव देणार. यात संकोच करण्यासारखं काही नाही. यादी मागताना एकाच विभागावर थांबू नये. प्रिन्स्टनच्या अमेरिकन स्टडीज कार्यक्रमात विलर्ड थॉर्प यांच्या नावाचं थीसिस बक्षीस आहे, पण त्याच विद्यापीठात इतिहास, इंग्रजी किंवा लिंगभाव अभ्यासाच्या विभागांची बक्षिसंही असतात, आणि विषय जुळत असेल तर तीही बघायला हवीत. ग्रंथालयांची बक्षिसं तर लोक विसरूनच जातात. बऱ्याच विद्यापीठांची ग्रंथालयं त्यांच्या संग्रहाचा चांगला उपयोग केलेल्या पेपरला बक्षीस देतात, आणि तिथे स्पर्धा कमी असते.

विद्यापीठाबाहेर पडलं की मुख्य नाव अमेरिकन स्टडीज असोसिएशनचं, स्थापना १९५१. तिथे डॉक्टरेटच्या प्रबंधाला राल्फ हेन्री गेब्रियल बक्षीस आहे आणि वार्षिक अधिवेशनात विद्यार्थ्याने सादर करायच्या पेपरसाठी जीन वाइज–वॉरन सुसमन बक्षीस. अधिवेशनाला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी बॅक्स्टर यांच्या नावाने प्रवासखर्चही दिला जातो. पेपरच्या बक्षिसात लोक प्रबंधाचं चाळीस पानी प्रकरण कापून पाठवतात आणि ते लगेच ओळखू येतं. वीस मिनिटांचं भाषण म्हणजे आठ-नऊ पानं, साधारण २,३०० शब्द. त्यात एकच दावा आणि दोन किंवा तीन पुरावे मावतात. शिवाय अशा बक्षिसासाठी पेपर अधिवेशनाच्या आधी पूर्ण लिहून द्यावा लागतो. विमानात बसून पेपर पुरा करणाऱ्यांचं इथे जमत नाही.

इतिहासाकडे झुकणाऱ्यांनी ऑर्गनायझेशन ऑफ अमेरिकन हिस्टोरियन्सची यादी बघावी. तिथलं लुई पेल्झर बक्षीस पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या निबंधाला मिळतं आणि निबंध ‘जर्नल ऑफ अमेरिकन हिस्टरी’त छापला जातो. नोकरीच्या बाजारात रकमेपेक्षा त्या छापील पानांना किंमत जास्त. प्रादेशिक अमेरिकन स्टडीज संघटनाही आहेत, न्यू इंग्लंड, कॅलिफोर्निया, देशाच्या मध्य भागातली राज्यं वगैरे. त्यांच्या लहान अधिवेशनांतून सुरुवात करणं सोपं जातं.

आता ग्रँट. इथे पहिला प्रश्न ‘मी कोणत्या टप्प्यावर आहे’ हा. अर्जांचा मोठा गठ्ठा प्रपोजल वाचण्याआधीच बाद होतो, कारण अर्जदार पात्रच नसतो. नॅशनल एंडाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज (एनईएच) या सरकारी संस्थेची वैयक्तिक फेलोशिप पदवीसाठी शिकत असलेल्यांना नसते. लायब्ररी ऑफ काँग्रेसची क्लूगी फेलोशिप डॉक्टरेट झालेल्यांसाठी असते. दोन्ही नावं मोठी, म्हणून विद्यार्थी तिथेच आधी जातात आणि महिना फुकट घालवतात.

पदवीच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याकडे लक्ष ठेवावं. विद्यापीठाचं अंडरग्रॅज्युएट रिसर्चचं कार्यालय, विभागाचा निधी आणि एखादं संशोधन केंद्र, असे निदान तीन दरवाजे असतात. डॉक्टरेट करायचा विचार असेल आणि तुमचं कॉलेज त्यात सहभागी असेल तर १९८८ पासून चालू असलेली मेलन मेज अंडरग्रॅज्युएट फेलोशिप बघावी. तिच्यासाठी साधारण दुसऱ्या वर्षातच अर्ज करावा लागतो. शेवटच्या वर्षात गेल्यावर चौकशी करणाऱ्यांना उशीर झालेला असतो.

पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत फक्त चाचपणीपुरते पैसे मागावेत. दोन आठवडे जाऊन संग्रहात खरंच काय आहे ते बघून यायचं, एवढंच काम. ही रक्कम सहसा आपल्याच विभागातून किंवा ग्रॅज्युएट स्कूलमधून मिळते, आणि पुढच्या मोठ्या अर्जात ‘मी संग्रहातली ही कागदांची खोकी पाहिली आहेत’ असं लिहिता येतं. त्या वाक्याला परीक्षकांच्या टेबलावर फार वजन असतं. पूर्वपरीक्षा आणि प्रबंधाचा आराखडा मंजूर झाला, म्हणजे विद्यार्थी एबीडी (प्रबंध सोडून बाकी सगळं झालेला) झाला, की अर्काइव्हच्या, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहांच्या, फेलोशिप खुल्या होतात. शेवटच्या वर्षात लेखन पूर्ण करण्यासाठी वेगळ्या फेलोशिप असतात. नैतिक किंवा धार्मिक मूल्यांशी संबंधित विषय असेल तर शार्लट डब्ल्यू. न्यूकोम ही त्यांतली जुनी. या गटात जागा कमी होत चालल्या आहेत. मेलन फाउंडेशन आणि अमेरिकन कौन्सिल ऑफ लर्नेड सोसायटीज (एसीएलएस) मिळून प्रबंध पूर्ण करण्यासाठी जी फेलोशिप देत, ती बंद करून २०२२ मध्ये त्यांनी प्रबंधाच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी नवी आणली. जुन्या सीनियरच्या सल्ल्यावर विसंबून राहिलात तर बंद झालेल्या ग्रँटची तयारी करत बसाल. एप्रिल २०२५ मध्ये एनईएचने चालू असलेली हजाराहून अधिक अनुदानं रद्द केली. त्या पैशावर काही फेलोशिप उभ्या होत्या. म्हणून अर्ज लिहायला घेण्याआधी या वर्षीचं चक्र खुलं आहे का, एवढं एका ओळीच्या ईमेलने विचारून घ्यावं.

आता माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा भाग: अर्काइव्हच्या लहान फेलोशिप. एक ते तीन महिने, काही ठिकाणी त्याहून कमी. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी, स्थापना १८१२, एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या छापील साहित्यासाठी. बेंजामिन फ्रँकलिनने १७३१ मध्ये सुरू केलेली लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फिया. शिकागोची न्यूबेरी लायब्ररी, मूलनिवासी इतिहासासाठी विशेष. कॅलिफोर्नियात सॅन मरिनोची हंटिंग्टन, पश्चिमेकडच्या राज्यांच्या इतिहासासाठी. डेलावेअरचं विंटरथर, वस्तू आणि घरगुती संस्कृतीसाठी. न्यू इंग्लंडमध्ये तर अनेक संस्थांनी मिळून एक संयुक्त फेलोशिप चालवली आहे. तिचं काम मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी बघते. तिथली अट डोक्यात ठेवून अर्ज रचावा लागतो: किमान आठ आठवडे, किमान तीन संस्था, प्रत्येक ठिकाणी किमान दोन आठवडे. तिसरी संस्था उगाच जोडलेली असेल तर ती लगेच दिसते, आणि अर्ज तिथेच पडतो. तिन्ही ठिकाणी काय वाचणार हे सारख्याच तपशिलात सांगता आलं पाहिजे.

हा तपशील आणायचा कुठून? फाइंडिंग एड उघडून. संग्रहात कोणते कागद कोणत्या खोक्यात आहेत याची ती तपशीलवार यादी असते. बहुतेक मोठ्या संस्थांच्या याद्या ऑनलाइन असतात. ‘मी कामगार चळवळीतल्या स्त्रियांचे कागद पाहणार आहे’ असं लिहिणारे शंभर असतात. ‘अमुक संघटनेच्या पत्रव्यवहारातली खोकी १२ ते १९, कारण १९३४ च्या संपाच्या वर्षातली पत्रं त्यांत आहेत’ असं लिहिणारे पाच. निवड या पाचांतून होते. यादी वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. संग्रह डिजिटल झाला आहे का? झाला असेल तर तिथे प्रत्यक्ष का जायचं याचं उत्तर हवं. त्यातली काही खोकी बंद आहेत का? जिवंत व्यक्तींची पत्रं, वैद्यकीय कागद यांवर वर्षांची मर्यादा असते. आणि कागद त्याच इमारतीत आहेत की बाहेरच्या गोदामात? गोदामातले असतील तर काही दिवस आधी मागणी नोंदवावी लागते, नाहीतर पहिला आठवडा वाट बघण्यात जातो.

मग क्युरेटरला, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या तज्ज्ञाला, पत्र. छोटं, आठ-दहा ओळींचं: विषय काय, यादीतली कोणती खोकी पाहिली, आणि एक असा प्रश्न ज्याचं उत्तर यादीत नाही. ‘तुमच्याकडे माझ्या विषयावर काय आहे’ असं विचारलं की ठराविक उत्तर येतं. नेमका प्रश्न विचारला की क्युरेटर अजून यादीत न आलेल्या संग्रहाबद्दल सांगतो, आणि ती माहिती प्रपोजलमध्ये घालता येते. स्मिथसोनियनच्या फेलोशिपमध्ये तर हे ऐच्छिक नाहीच म्हणा ना: तिथल्या कोणत्या तज्ज्ञाबरोबर काम करणार हे अर्जात सांगायचं असतं, आणि त्या तज्ज्ञाला तुमचं नाव आधीपासून माहीत नसेल तर अर्ज कमजोर पडतो. तिथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी दहा आठवड्यांची आणि एबीडी विद्यार्थ्यांसाठी तीन ते बारा महिन्यांची अशा दोन वेगळ्या फेलोशिप आहेत.

दिवसांचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. वाचनकक्ष दिवसाला सहा-सात तासच उघडा असतो, शनिवार-रविवार बहुधा बंद. टाइप केलेले कागद असतील तर दिवसात तीन ते पाच खोकी होतात. हाताने लिहिलेली पत्रं असतील तर एकाच खोक्यात दिवस जातो. संग्रहाचं माप ‘लिनियर फूट’मध्ये, म्हणजे फळीवर किती लांबी व्यापतो त्यात, दिलेलं असतं, नेहमीचं करड्या रंगाचं कागदपत्रांचं खोकं पाच इंच रुंद, म्हणजे एका फुटात अडीचेक खोकी. चाळीस फुटांचा संग्रह दोन आठवड्यांत वाचतो असं लिहिलंत तर परीक्षक तिथेच कागद बाजूला ठेवेल. त्याने स्वतः तसल्या कक्षात उन्हाळे काढलेले असतात.

सरकारी कागदांचं गणित निराळं. मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये रिसर्चर कार्ड फुकट मिळतं, पण जायला पैसे तिथून मिळतील असं धरू नये. राष्ट्राध्यक्षांच्या ग्रंथालयांचं उलट आहे: ग्रंथालय सरकारी, पण त्याला जोडलेलं खासगी फाउंडेशन संशोधकांना प्रवासासाठी लहान ग्रँट देतं, ट्रुमन ग्रंथालयाप्रमाणे. माहिती अधिकाराखाली मागितलेल्या कागदांवर मात्र अख्खं प्रपोजल उभं करू नये. अर्ज केल्यापासून कागद हातात येईपर्यंत वर्षं जाऊ शकतात, आणि ग्रँटची मुदत तेवढी थांबत नाही.

प्रपोजल लिहिताना पहिल्या परिच्छेदातच प्रश्न यायला हवा. ‘या विषयावर आजवर लिहिलं गेलेलं नाही’ या वाक्याचा उपयोग शून्य. कित्येक विषयांवर लिहिलं गेलेलं नसतं, कारण तिथे लिहिण्यासारखं काही नसतं. उत्तर मिळालं तर कोणती प्रचलित समजूत बदलेल ते सांगावं. आमच्या विषयात आणखी एक खास खोड आहे: ‘आंतरशाखीय पद्धत वापरणार’ असं लिहून पुढे जाणं. समितीत एक इतिहासकार, एक साहित्याचा माणूस आणि एखादी मानववंशशास्त्रज्ञ असेल, तर तिघांनाही हे वाक्य पोकळ वाटतं. त्याऐवजी सरळ सांगावं की जाहिराती अशा वाचणार, त्या छापणाऱ्या कंपनीचा पत्रव्यवहार त्यांच्याशी असा ताडून बघणार, आणि मुलाखती यासाठी घेणार. सिद्धांतकारांची नावं एका वाक्यात तीनहून जास्त आली की मला तरी संशय येतो.

बजेट म्हणजे प्रपोजलचाच एक भाग. गोल आकडे टाकू नयेत. समजा मर्यादा २,५०० डॉलरची आहे आणि चौदा दिवस, तेरा रात्रींचा मुक्काम आहे. राहणं ११५ डॉलर दराने १,४९५. जेवण दिवसाला ४५ धरलं तर बारा पूर्ण दिवसांचे ५४०, आणि पहिल्या-शेवटच्या दिवसाचे पाऊणपट म्हणजे मिळून ६७.५०. विमान ३८०, शहरातला प्रवास ९०, प्रती आणि स्कॅन ६०. बेरीज २,६३२.५०. इथे आकडे दाबून २,५०० करण्याऐवजी खरी बेरीज दाखवावी आणि वरचे १३२.५० विभागाच्या निधीतून येतील असं लिहावं. पाऊणपटीचा नियम अमेरिकन सरकारच्या जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या (जीएसए) प्रवासखर्चाच्या दरपत्रकातला आहे. बरीच विद्यापीठं तेच दर लावतात आणि ते दर शहराप्रमाणे बदलतात. पैसा केंद्र सरकारचा असेल तर विमान कोणत्या कंपनीचं घ्यायचं यावरही बंधन येतं. काय चालत नाही तेही वाचावं: लॅपटॉप, शिकवणी शुल्क, पुस्तकं बहुतेकदा नाहीत. अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीचा मूलनिवासी संशोधनासाठीचा फिलिप्स फंड प्रवास, ध्वनिमुद्रण आणि माहिती देणाऱ्यांचं मानधन यांना पैसे देतो, पण तुमच्या घरभाड्याला देत नाही.

जिवंत माणसांच्या मुलाखती घेणार असाल तर एक पायरी वाढते. २०१९ मध्ये लागू झालेल्या सुधारित ‘कॉमन रूल’ने, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाच्या सरकारी नियमांनी, मौखिक इतिहासासारखं विशिष्ट व्यक्तींवर केंद्रित काम मानवी संशोधनाच्या व्याख्येबाहेर काढलं. पण तुमचं काम त्यात बसतं की नाही हे तुम्ही स्वतः ठरवायचं नसतं. विद्यापीठाच्या आयआरबीकडून (माणसांवरच्या संशोधनाचं परीक्षण करणाऱ्या मंडळाकडून) तसं लेखी पत्र घ्यावं, कारण ते पत्र नसेल तर पुष्कळ विद्यापीठं पैसेच सोडत नाहीत. मूलनिवासी राष्ट्रांच्या भूमीवर काम असेल तर त्यांची परवानगी निराळी. नावाहो राष्ट्राचं स्वतःचं संशोधन परीक्षण मंडळ आहे, आणि त्याला लागणारे महिने वेळापत्रकात धरावेच लागतात. फिल्डवर्क हाच गाभा असेल आणि मानववंशशास्त्राच्या भाषेत प्रश्न मांडता येत असेल तर मानववंशशास्त्राला पैसे देणाऱ्या वेनर-ग्रेन फाउंडेशनचाही विचार करावा.

शिफारसपत्रांबद्दल थोडक्यात. चार ते सहा आठवडे आधी मागावीत, आणि मागताना प्रपोजलचा मसुदा, अंतिम तारीख व ही संस्था नेमकं काय शोधते याच्या तीन ओळी सोबत द्याव्यात. ‘हुशार विद्यार्थी’ या थाटाच्या पत्राने काही होत नाही. ‘या संग्रहाशिवाय तिसरं प्रकरण लिहिता येणार नाही’ हे मार्गदर्शकाच्या लेखणीतून आलं पाहिजे. पत्राची मुदत अर्जाच्याच दिवशी संपते की नंतर, हे आधी बघून ठेवावं.

तारखा दर वर्षी थोड्या सरकतात, पण साचा ठरलेला आहे. अर्काइव्हच्या बहुतेक मुदती नोव्हेंबर ते मार्चदरम्यान, विद्यापीठातल्या उन्हाळी ग्रँटच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मार्च ते मे. म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं काम या वर्षी सप्टेंबरात सुरू होतं. दोन ग्रँट एकाच वेळी मिळाल्या तर लपवू नये. एकाच खर्चासाठी दोन्हींकडून पैसे घेता येत नाहीत, पण बहुतेक संस्था तारखा पुढे ढकलू देतात किंवा वेगळ्या खर्चाला रक्कम वळवू देतात. फक्त लेखी विचारावं लागतं.

पैसे हातात कसे येतात हे मंजुरीचं पत्र आल्यावर लगेच बघावं. काही ठिकाणी आधी खर्च, मग पावत्या, मग परतावा. अशा वेळी सहा आठवडे क्रेडिट कार्डावर निघतात. काही विद्यापीठं रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करतात आणि तिथे जुनी फी थकलेली असेल तर ती आपोआप वळती होते. गरजेवर आधारित आर्थिक मदत मिळत असेल तर बाहेरची ग्रँट त्या हिशेबात धरली जाऊन मदत कमी होऊ शकते. आर्थिक मदत कार्यालयाला संशोधनाचा खर्च दाखवून हिशेब वाढवून घेता येतो का, हे पैसे येण्याआधी विचारावं. नंतर फार काही करता येत नाही.

आणि कर. पदवीसाठी लागणारी फी आणि सक्तीची पुस्तकं यांवर गेलेली रक्कम करमुक्त. राहणं, जेवण, प्रवास यांसाठीची करपात्र. अमेरिकन नागरिकांच्या फेलोशिपमधून सहसा कर कापलाच जात नाही, म्हणून तिमाही अंदाजित कर स्वतः भरावा लागतो, आणि हे पुष्कळांना पुढच्या एप्रिलमध्ये दंडासकट कळतं. एफ-१ किंवा जे-१ व्हिसावरच्या, करासाठी नॉनरेसिडेंट (अनिवासी) ठरणाऱ्या विद्यार्थ्याच्या करपात्र रकमेतून सहसा १४ टक्के कापले जातात आणि कापलेला कर दाखवणारा १०४२-एस फॉर्म मिळतो. बाहेरची संस्था व्हिसाची माहिती नसल्यास ३० टक्केही कापते, म्हणून कागद आधीच पाठवावेत. फेलोशिपमध्ये व्याख्यान, यादी तयार करणं असं काही काम अपेक्षित असेल तर ती नोकरी ठरू शकते. होकार देण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारावं. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना दोन्ही देशांतल्या कर कराराच्या कलम २१ मुळे १०४०-एनआर, म्हणजे नॉनरेसिडेंटचं विवरणपत्र, भरताना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, जे इतर बहुतेक देशांच्या नॉनरेसिडेंट विद्यार्थ्यांना मिळत नाही. कापलेल्या १४ टक्क्यांतला बराचसा भाग त्यामुळे परत येऊ शकतो, पण विवरणपत्र भरलं तरच. उत्पन्न काहीच नसलं तरी नॉनरेसिडेंट विद्यार्थ्याला फॉर्म ८८४३ हे निवेदन कर खात्याला पाठवावं लागतं, आणि त्याची मुदत तेव्हा १५ जून असते.